परत येण्याचे कारण

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका सोमवारी माझी आई आणि माझी धाकटी बहीण यांचे इंग्लंडच्या व्हिसाचे अर्ज हैदराबादच्या केंद्रात दाखल झाले. दोन्ही अर्ज मी भरले होते. माझा अर्ज त्यात नव्हता.

मी नांदेडला राहते. एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक आहे. लग्न केलेले नाही. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे असते. बहीण लातूरला दिलेली आहे. तिच्या नवऱ्याचे औषधांचे ठोक दुकान आहे, दोन मुले शाळेत जातात. आम्हा दोघींच्या पाठचा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. तो एका मालाच्या गोदामात पाळीवर देखरेखीचे काम करतो आणि त्याची बायको तिथल्या रुग्णालयात परिचारिका आहे. आमचे गाव अहमदपूर तालुक्यात. गावातले घर बंद असते, शेत बटईने दिलेले आहे.

भावाला मुलगी झाली तेव्हा त्याला इकडे येता येत नव्हते. तिथे राहण्याची मुदत वाढवून मिळावी, असा त्याचा अर्ज प्रलंबित होता. असा अर्ज प्रलंबित असताना माणूस देशाबाहेर गेला, तर त्याने तो मागे घेतला असे तिथला नियम धरतो. म्हणजे आईला नात बघायची असेल तर आईनेच जायला हवे होते.

आई रोज संध्याकाळी फोनवर नात बघायची. नात झोपलेली असली तरी बघायची. तिचे लक्ष बाळाच्या डोक्यावर असे. टाळू भरली नाही, डोके एका बाजूने चपटे होत आहे, तेल कोणी लावत नाही, अशी तिची तक्रार होती. भावजयीने एकदा सांगितले की तिकडे टाळूवर तेल थापायला डॉक्टर नको म्हणतात. त्या दिवशी आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "मला नेऊन घाल तिकडं. हातपाय चालतात तवर."

तिला एकटीला पाठवणे शक्य नव्हते. एका कानाने तिला कमी ऐकू येते. इंग्रजी येत नाही. मधे आखाती देशात विमान बदलावे लागते. सोबत कोणीतरी हवे होते, आणि ती मी असणार हे मी गृहीत धरले होते. आईनेही धरले होते. गल्लीत तिने तसे सांगूनही टाकले होते. माझा पासपोर्ट तयार होता. काही वर्षांपूर्वी पत्रकारांच्या एका परदेश दौऱ्याची चर्चा होती, तेव्हा काढला होता. दौरा झाला नाही. पासपोर्टाची पाने कोरी होती. संपादकांकडे रजेचा विषयही मी काढून ठेवला होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी भावाचा फोन आला. आई शेजारी बसली होती, ऐकू न येणारा कान माझ्या बाजूला. भाऊ म्हणाला, "अक्का, आईचं आन धाकट्या अक्काचं निमंत्रणाचं पत्र पाठवून राहिलो. फॉर्म तू भर दोघींचे. तुझं इंग्रजी चांगलं हाय."

मी विचारले, धाकटी का. तो म्हणाला की त्याने तिथे दोघातिघांना विचारले आहे. त्याच्या ओळखीच्या एकाच्या मावशीचा अर्ज नुकताच नामंजूर झाला होता. एकटी बाई, नावावर काही नाही, परत जाण्याचे सबळ कारण दिसत नाही, असे कळवले होते. धाकटीची फाईल मजबूत आहे, असे तो म्हणाला. मी म्हटले, आईची औषधे मला माहीत आहेत, आईला काय ऐकू येते आणि काय नाही तेही मला माहीत आहे.

"ते खरंय, अक्का. पर तुझ्या नावावर तिकडं काय हाय?"

आईने विचारले, काय म्हणतो. मी सांगितले, तुझ्यासोबत धाकटी येणार आहे.

"आन तू?"

"मी न्हाई."

आईने फोन हातात घेतला आणि बाळ कुठे आहे ते विचारले.

मत्सर हा शब्द बातमीत वापरत नाहीत, कारण तो सिद्ध करता येत नाही. इथे तो वापरावा लागेल. त्या रविवारी दुपारपासून पुढचे चार महिने मला बहिणीचा मत्सर वाटला. तिचे काही चुकले होते म्हणून तो वाटला असे म्हणता येत नाही.

भावाच्या प्रश्नाचे उत्तर त्याला माहीत होते. माझ्या नावावर जे होते ते मी त्यालाच दिले होते.

आमच्याकडे वडील गेले की वर्षभरात बहिणी हक्कसोड पत्रावर सही करतात. कोणी मागत नाही. तारीख ठरते आणि निरोप येतो. जी सही करत नाही तिला माहेर तुटले असे बायका म्हणतात. कायदा काय सांगतो ते मला माहीत होते, कारण त्या विषयावरचे लेख माझ्याच टेबलावर येत. तरीही मी अहमदपूरला गेले. नोंदणी कार्यालयात अंगठे उठवले, सह्या केल्या, फोटो काढला. भावाने साडीचोळी केली. बसस्थानकाजवळच्या खानावळीत आम्ही जेवलो आणि मी संध्याकाळच्या एसटीने नांदेडला परत आले.

बहिणीलाही त्याच दिवशी यायचे होते. तिला नववा महिना होता आणि डॉक्टरांनी गाडीत बसू नका म्हणून सांगितले होते. बाळंतपण झाल्यावर करू, असे ठरले. मग बाळंतपण झाले, मग भावाचे परदेशाचे सुरू झाले, आणि पुन्हा तो विषय कोणी काढला नाही. फेरफार होऊन माझे नाव सातबाऱ्यावरून कमी झाले. भावाचे, आईचे आणि बहिणीचे नाव राहिले.

भावाच्या फोननंतरच्या सोमवारी मी नांदेडच्या जुन्या भागातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेले. त्यांच्या घरातून दोन पिढ्या हजला जाणाऱ्यांची कागदपत्रे करतात. अलीकडे ते विद्यार्थ्यांचे आणि आईवडिलांचे व्हिसेही करून देतात. आमच्या पेपरात त्यांची जाहिरात येते, त्यामुळे ओळख होती. भाऊ चुकतो आहे असे त्यांनी म्हणावे, या अपेक्षेने मी गेले होते.

त्यांनी चहा मागवला आणि एकेक विचारत गेले. घर स्वतःचे का? भाड्याचे. नोकरी कायम का? मानधनावर, दर वर्षी करार. शादी? नाही. शेती? मी हक्कसोडीचे सांगितले, आणि बहिणीची सही राहून गेल्याचेही सांगितले. ते हसले. त्यांचा हेतू वाईट नव्हता.

"म्हंजे तुम्ही सही केली, छोटीनं न्हाई केली. आता छोटी जमीनवाली झाली ना ताई."

मी म्हटले, आई माझ्याजवळ राहते, हे कारण नाही का.

"अम्मी तर तुमच्याच संगं विमानात बसनार. मग मागं कोन राहिलं?" त्यांनी बशी बाजूला सारली. "उलटं बघा जरा. तुम्ही इथं राहिल्या तर अम्मीच्या फाईलला वजन येतंय. बिनशादीची लेक घरी एकली हाय, म्हनून माँ परत येनार. हे लिहा. पहिल्याच पानावर लिहा."

तिसरा अर्ज केला तर चालेल का, असे मी विचारले. चालेल, मना कोणी करत नाही, असे ते म्हणाले. पण तीन बायका एकदम निघाल्या आणि घराला कुलूप लागले, तर अम्मीचाही अर्ज नामंजूर होईल. हा त्यांचा अनुभव होता. असा नियम मला कुठे सापडला नाही. इंग्लंडच्या सरकारने प्रसिद्ध केलेले मार्गदर्शन मी सबंध वाचले. अर्जदार भेट संपल्यावर खरोखर परत जाणार आहे का, हे अधिकारी त्याच्या सगळ्या परिस्थितीवरून ठरवतो, असे त्यात आहे. कुटुंब, काम, मालमत्ता, मागे कोण आहे. माझ्या अर्जाने आईचा अर्ज पडेल असे त्यात लिहिलेले नव्हते. पडणार नाही असेही लिहिलेले नव्हते.

मी अर्ज केला नाही.

त्या शनिवारी बहिणीची कागदपत्रे आणायला मी लातूरला गेले. एसटी अहमदपूरला थांबली तेव्हा मी खाली उतरले नाही. दुपारी बहिणीच्या घरी पोहोचले, तेव्हा बैठकीत नवी बॅग उघडी पडली होती आणि तिच्यात दोन लोकरी कोट होते, एक तिच्या मापाचा आणि एक आईच्या. आईच्या कोटाच्या बाह्या लांब होत्या. शेजारच्या दोघी बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने मला विचारले, तुम्ही नाही का जात. बहिणीनेच उत्तर दिले की अक्काला सुट्टी मिळत नाही. मी ते दुरुस्त केले नाही.

दाजी दुकानातून जेवायला आले. त्यांनी जेवताना म्हटले, "अक्का, बायकोला विलायतेला पाठवून राहिलो. न्हाई परत आली तर तुमच्या पेपरात फोटो छापा. हरवली आहे म्हनून."

"फोटो लग्नातला द्या," बहीण म्हणाली. "आताचा दिला तर कुणी ओळखून आणून सोडल."

ती हसली आणि मुलेही हसली. मग ती कागद काढू लागली. विवाह नोंदणीचा दाखला, मुलांच्या शाळेचे बोनाफाईड, दाजींची आयकराची विवरणपत्रे, घराचा उतारा, त्यात तिचे नाव दाजींच्या बरोबरीने. शेवटी गावाकडचा सातबारा. दाजींनी तो मोबाईलवरून काढून छापून ठेवला होता. बहिणीने त्यावरून बोट फिरवले आणि एका ओळीवर थांबवले.

"माझं नाव हाय की यात."

"हाय," मी म्हटले.

"मला ठावंच न्हवतं, अक्का."

तिला खरेच माहीत नव्हते. तिने तो कागद इतर कागदांवर ठेवला आणि मला विचारले की आईच्या गोळ्या कोणत्या आणि कधी द्यायच्या. मी सांगत गेले आणि ती फोनमध्ये रेकॉर्ड करत गेली. रक्तदाबाची सकाळी, अनशापोटी नाही. कॅल्शियमची आई थुंकते, समोर उभे राहून द्यावी लागते. उजव्या बाजूने बोलायचे. जिना उतरताना हात धरला तर तिला राग येतो, म्हणून एक पायरी पुढे चालायचे. हे सगळे मला येत होते. ते काही मिनिटांत बहिणीच्या फोनमध्ये गेले.

संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर वाळवण काढत होतो. तिने विचारले, "तोंड कामून उतरलंय तुझं?"

"काम लई हाय."

"मी मागितलं न्हवतं, अक्का. त्यानं आपल्या मनानं ठरवलं."

"तू कधीच काही मागत न्हाईस. तुला मिळतं."

तिने हातातली परात खाली ठेवली. "आई बारा महिने तुझ्याकडं. माझ्याकडं दिवाळीला येती, दोन दिवस राहती आन तिसऱ्या दिवशी म्हणती नांदेडच्या गाडीत बसवून द्या. माझ्या लेकरांना आजी फोनवरच ठावं हाय. मी कधी काही म्हणले का तुला?"

दाजींनी खालून चहा झाल्याची हाक दिली. तिने ठेवलेली परात मी उचलली आणि जिना उतरले.

नांदेडला परतल्यावर मी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घेतले आणि दोन्ही अर्ज भरले. आईच्या अर्जात जन्मतारीख एक जून आहे. तिच्या वयाच्या निम्म्या गावाची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. बहिणीच्या अर्जाला जोडायचे पत्र सोपे होते. नवरा, व्यवसाय, शाळेत जाणारी दोन मुले, राहते घर, शेतजमिनीत वाटा, मुलांच्या शाळा जूनमध्ये सुरू होतात त्याआधी परत. प्रत्येक विधानाला एक कागद होता. संपादन करण्यासारखे त्यात काही नव्हते.

आईच्या पत्राला वेळ लागला. आईची मालमत्ता म्हणजे शेतातला वाटा आणि बँकेतली थोडी ठेव. मुलगा तिकडे, एक मुलगी तिच्याबरोबर निघालेली. एवढ्यावर पत्र थांबले असते तर ही बाई परत कशाला येईल, असा प्रश्न कोणीही विचारला असता. मग मी ट्रॅव्हल्सवाल्यांनी सांगितलेला परिच्छेद लिहिला. अर्जदार गेली काही वर्षे नांदेड येथे थोरल्या मुलीसोबत राहते. ही मुलगी अविवाहित आहे आणि अर्जदाराच्या प्रवासकाळात भारतातच राहणार आहे. अर्जदाराचे घर, उपचार करणारे डॉक्टर आणि दैनंदिन आयुष्य नांदेडमध्ये आहे. भेट संपल्यावर अर्जदार या मुलीकडे परत येईल. पुरावा म्हणून मी माझा भाडेकरार, माझे आधार कार्ड आणि आमच्या दोघींचा एक फोटो जोडला. खाली माझी सही केली.

मी ते पत्र आईला मराठीत वाचून दाखवले. ती म्हणाली, बरोबर आहे.

हैदराबादला आम्ही तिघी रेल्वेने गेलो. बहीण लातूरहून आदल्या दिवशी नांदेडला आली होती. केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, आणि ज्याची वेळ ठरलेली आहे त्यालाच आत सोडतात. आई वयस्कर आहे, सोबत कोणी लागेल, असे मी दारावरच्या माणसाला सांगितले. त्याने बहिणीकडे बोट दाखवून विचारले की या सोबत आहेत ना. आहेत, असे मी म्हटले. त्या दोघी आत गेल्या. मी समोरच्या इमारतीच्या सावलीत उभी राहिले. माझ्यासारखे आणखी बरेच जण तिथे होते. बहुतेकांच्या हातात दुसऱ्याची चप्पल, पिशवी किंवा मोबाईल होता. माझ्या हातात आईची पिशवी होती.

बाहेर आल्यावर बहिणीने सांगितले की आईची बोटे यंत्रावर नीट उमटत नव्हती, पुन्हा पुन्हा ठेवावी लागली. टेबलावरची मुलगी तेलुगू बोलत होती. आई तिला मराठीत म्हणाली, "थोरली बाहेर उन्हात उभी हाय. तिचे बी ठसे घ्या, एका दमात होऊन जाईल." त्या मुलीला काही समजले नाही. बहिणीने ते हसत सांगितले, आईही हसली. परतीच्या गाडीत दोघी ते पुन्हा एकमेकींना सांगत होत्या. मी खिडकीजवळ बसले होते.

आईचा पासपोर्ट एप्रिलच्या सुरुवातीला कुरिअरने आला. आत व्हिसा होता, सहा महिन्यांचा. बहिणीचा आला नाही. अर्ज एकाच दिवशी केलेले, निर्णय वेगवेगळे, असे होऊ शकते, असे ट्रॅव्हल्सवाल्यांनी सांगितले. त्या दिवसांत बहीण मला रोज फोन करायची आणि मी रोज ईमेल उघडून बघायची. तिचा अर्ज नामंजूर झाला तर आईचा व्हिसा हातात आहे आणि आईला एकटी पाठवता येत नाही, अशी स्थिती येणार होती. मग माझ्या अर्जाने आईचे काही बिघडणार नव्हते. मी माझा फोटो काढून आणला. बँकेचे खातेपुस्तक भरून घेतले. संपादकांकडून, मी इथे काम करते आणि रजेनंतर परत रुजू होईन, असे पत्र मागितले. त्यांनी ते त्याच दिवशी दिले. मानधन तत्त्वावर हे शब्द त्यात होते.

बहिणीचा पासपोर्ट लातूरच्या पत्त्यावर आला. तिने फोन केला तेव्हा मी कार्यालयात दुसऱ्या दिवशीचे पान लावत होते. "आला, अक्का," ती म्हणाली आणि रडू लागली. मी अभिनंदन म्हटले. मग तारखा विचारल्या आणि लिहून घेतल्या.

एप्रिलअखेर त्या गेल्या. हैदराबादच्या विमानतळावर दारापर्यंत मला जाता आले. इंग्लंडच्या विमानतळावर काय झाले ते बहिणीने फोनवर सांगितले. व्हिसा असला तरी आत घ्यायचे की नाही, हे शेवटी तिथला अधिकारी ठरवतो. मी दोघींच्या हातातल्या सामानात कागदांची एकेक प्रत घालून दिली होती. ती कोणी मागितली नाही. अधिकाऱ्याने आईला विचारले, किती दिवस राहणार आणि परत का जाणार. बहिणीने आईच्या उजव्या कानात मराठीत सांगितले.

आई म्हणाली, "घरी थोरली एकटी हाय. जावं लागल."

बहिणीने ते इंग्रजीत सांगितले. अधिकाऱ्याने मान हलवली आणि दोघींना जाऊ दिले. बहिणीने इंग्रजीत नेमके काय सांगितले, असे मी विचारले. तिला आठवत नव्हते. मी असते तर मला आठवले असते.

पुढचे दीड महिने मला फोटो येत राहिले. आई लोकरी कोटात, बाह्या दुमडलेल्या. आई नातीला पायावर घेऊन तेल लावते आहे, भावजय शेजारी बसून बघते आहे. आई एका हिरवळीवर, हातात आइस्क्रीम. आईला घशाच्या त्रासामुळे मी थंड देत नाही. मी बहिणीला तसे कळवले. तिने लिहिले की काही झाले नाही, रोज खाते. कॅल्शियमची गोळीही आई आता थुंकत नव्हती. बहिणीने ती दह्यातून द्यायला सुरुवात केली होती. मला ते कधी सुचले नव्हते.

फोनवर दोघी एकाच वेळी बोलू लागल्या होत्या. शेजारच्या घरात एक गोरी म्हातारी होती, तिच्याकडे कुत्रा होता, आणि आई त्या म्हातारीशी रोज कुंपणावरून मराठीत बोलत असे. म्हातारी इंग्रजीत उत्तर देई. एकदा म्हातारीने काहीतरी दिले आणि आईने बदल्यात काहीतरी दिले, यावर दोघींना इतके हसू येत होते की वाक्य पूर्ण होत नव्हते. काय दिले, असे मी तीनदा विचारले. आई म्हणाली, "जाऊ दे. तुला न्हाई कळायचं ते. तिथं असाया पाहिजे माणूस."

बाळाच्या टाळूविषयी आई आता काही बोलत नव्हती. ती भरली होती.

भावाने मला एकदा एकट्याने फोन केला. अक्का, तू लई केलंस, असे तो म्हणाला. पुढच्या वेळी तुझे बघू, असेही म्हणाला. हक्कसोडीचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही.

जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात त्या परत आल्या. विमान सकाळी हैदराबादला उतरले. मी नांदेडहून भाड्याची गाडी घेऊन गेले होते, कारण प्रवासानंतर आईला रेल्वेत चढवायचे नव्हते. घर झाडून घेतले होते, तिची चादर बदलली होती, दुपारच्या जेवणाचे सांगून ठेवले होते. दाजी मुलांना घेऊन लातूरहून स्वतःच्या गाडीने आले होते.

आई चाकाच्या खुर्चीत बसून बाहेर आली. तिचा चेहरा भरला होता. बहिणीची मुले धावत गेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. धाकट्याने तिच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि चॉकलेट काढले. आईने त्याला अडवले नाही. मी जवळ गेल्यावर तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली की मी वाळले आहे.

बॅगा खाली काढताना बहिणीने दोन वेगळ्या केल्या. एक दाजींच्या गाडीत गेली. दुसरी, आईची, तीही दाजींच्या गाडीत गेली. मी दाजींना सांगितले की ती माझ्या गाडीत टाका. दाजी बहिणीकडे बघू लागले. बहीण आईकडे बघू लागली.

"मी आठ दिवस लातूरला जाऊन येते," आई म्हणाली. "लेकरं मागं लागलीत. तिकडचं समदं सांगायचंय त्यांना."

मी म्हटले, "मी लिहून दिलंय आई. तू माझ्याकडं परत येणार म्हणून लिहून दिलंय सरकारला."

बहीण हसली. तिला तो विनोद वाटला. आई हसली नाही. तिने मला वाकायला लावले आणि स्वतःच्या उजव्या बाजूला घेतले, जणू ऐकू न येणारी मी होते.

"आले ना परत? तुझ्याकडं तर मी हायेच की."

तिने कमरेच्या पिशवीतून स्वतःचा पासपोर्ट काढला आणि सांभाळून ठेव म्हणून माझ्या हातात दिला. मग दाजींनी तिला गाडीत बसवले. बहिणीने तिचा हात धरला नाही, एक पाऊल पुढे उभी राहिली. गाडी जहीराबादच्या रस्त्याने लातूरकडे निघाली. माझ्या ड्रायव्हरने विचारले, बाकीचे कुठे आहेत. मी सांगितले, एवढेच.

आठ दिवसांनी मी फोन केला तेव्हा आईने पंचमीनंतर येते म्हटले. पंचमीनंतर बहिणीच्या धाकट्याला ताप होता. गणपतीत दाजींच्या घरी पाहुणे होते. सप्टेंबरमध्ये बहिणीने आईचा रक्तदाब लातूरच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी गोळी बदलली. जुन्या गोळ्यांची उरलेली पाकिटे माझ्याकडे आहेत.

भावाचा मुदतवाढीचा अर्ज त्याच महिन्यात मंजूर झाला. आईच्या पासपोर्टमधला व्हिसा ऑक्टोबरमध्ये संपला. आई लातूरला आहे.